धारावीतली पालिका शाळा: पालकांचे वारंवार येणारे प्रश्न

मार्च-एप्रिल आला की माझा फोन वाजायला लागतो. धारावी, शाहूनगर, माहीम, सायन इथल्या आया, एखादे आजोबा, कधी मोठी बहीण. शेजाऱ्यांचे प्रवेशाचे फॉर्म मी गेली काही वर्षं भरून देते, त्यांच्या मुलांना घेऊन वाचायला बसते. माझी स्वतःची मुलगी पालिकेच्या शाळेतच शिकली. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली आहेत. सोपे प्रश्न आधी आहेत, अडचणीचे पुढे.

1. पालिकेच्या शाळेत प्रवेशाला किती पैसे लागतात? खरंच काही नाही?

खरंच काही नाही. प्रवेश फी, देणगी, परीक्षा फी काही नाही. पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तकं मोफत, दुपारी पोषण आहार, आणि मुंबई महापालिका देते त्या 27 शालोपयोगी वस्तू: गणवेश, बूट-मोजे, दप्तर, वह्या, डबा, पाण्याची बाटली, पावसाळी सामान वगैरे. सगळं पहिल्या दिवशी एकदम हातात पडेल असं धरू नका, वाटप टप्प्याटप्प्याने होतं. जूनसाठी दोन वह्या आणि एक पेन्सिल घरून द्या. प्रवेशासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका, पावती मागा. मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेऊन प्रवेश देणंही शिक्षण हक्क कायद्यात मना आहे, आणि ते खासगी शाळांनाही लागू आहे.

2. आमच्याकडे जन्मदाखला नाही, आधार नाही. मग नाव घालतील का?

घालावंच लागतं. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे. दवाखान्याची किंवा अंगणवाडीची नोंद चालते, तीही नसेल तर पालकांनी लिहून दिलेलं वय चालतं. शाळाप्रवेशाला आधारची सक्ती करता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिला आहे.

तरीही मुख्याध्यापक आधारसाठी मागे लागतात. त्यामागचं कारण कळलं की राग थोडा कमी होतो. शाळेला किती शिक्षक मिळणार हे संचमान्यतेवर ठरतं, आणि संचमान्यतेत आधार जुळलेल्या मुलांची संख्या बघतात. तुमच्या मुलाचं आधार नसेल तर कागदावर वर्गातलं एक मूल कमी होतं आणि शिक्षकाची जागा धोक्यात येते. म्हणून प्रवेश आधी घ्या, पण मग आधारचं काम मनावर घेऊन उरका.

3. पहिलीसाठी वय किती लागतं?

त्या वर्षाच्या 31 डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण. लहान मुलांसाठी बालवाडी आहे. मूल सहाच्या पुढे गेलं आणि शाळेत कधी बसलंच नाही, तर त्याला पहिलीत बसवायचं नाही. वयानुसार जो वर्ग येतो त्यात प्रवेश मिळतो आणि मागे राहिलेलं भरून काढायला खास शिकवणी द्यावी लागते. नऊ वर्षांच्या मुलाला सहा वर्षांच्या मुलांत बसवलं की ते चार दिवसांत शाळा सोडतं, मी हे दोनदा पाहिलंय.

4. पालिकेत एवढी माध्यमं आहेत. आम्ही कुठलं घ्यावं?

मुंबई महापालिका आठ भाषांतून शिकवते: मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी. देशात फार थोड्या शहरांत एवढा पसारा असेल, आणि धारावीला त्याची गरज होतीच. कोळीवाडा इथला मूळचा. कुंभारवाड्यातले कुंभार सौराष्ट्रातून आले, चामड्याच्या कामासाठी तिरुनेलवेलीकडची तमिळ कुटुंबं आली, जरीकामासाठी उत्तर प्रदेशातली, लेबर कॅम्पात महाराष्ट्राच्या गावांतून आलेली दलित कुटुंबं. प्रत्येकाला मुलाला शिकवायचं होतं आणि शाळा त्यांच्या भाषेत उघडली.

निवड करताना मी एकच गोष्ट विचारते: मूल घरी ज्या भाषेत भांडतं, ती कुठली? त्या भाषेत ते वाचायला सर्वांत लवकर शिकेल. पण पुढचं गणितही मांडायला हवं, आणि ते प्रत्येक घराचं वेगळं असतं.

माझ्या शेजारच्या अक्कांची दोन मुलं सांगते. थोरली तमिळ माध्यमात शिकली. गावाकडून लग्नपत्रिका आली की आजीला तीच वाचून दाखवते, अजूनही. धाकटा इंग्रजी माध्यमात घातला. तो तमिळ फाडफाड बोलतो, पण पत्रिकेवरचं एक अक्षर त्याला लागत नाही. उलट आजीला इस्पितळात न्यायची वेळ आली तेव्हा केसपेपर, तपासणीची चिठ्ठी, औषधाच्या पाकिटावरची तारीख हे सगळं धाकट्याने वाचलं. अक्का म्हणतात, "ताई, एकाला दोन्ही शिकवता आलं असतं तर." आलं असतं. शाळेची भाषा कुठलीही असो, घरची लिपी घरी शिकवता येते. रोज पंधरा मिनिटं, एक वर्ष. जे पालक हे करायला तयार असतात त्यांना मी इंग्रजी माध्यमाबद्दल अडवत नाही. जे म्हणतात "शाळाच बघेल सगळं", त्यांना घरच्याच भाषेचं माध्यम घ्यायला सांगते.

तमिळ, तेलुगू, कन्नड माध्यम घेत असाल तर पुढच्या वर्गांचं काय, हे आधी विचारा (प्रश्न 13 पाहा).

5. सेमी-इंग्रजी म्हणजे नेमकं काय? ते अर्धवट असतं म्हणतात.

मराठी माध्यमाची शाळा, पण गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. बाकी विषय मराठीत. अर्धवट नाही. ज्यांच्या घरी मराठी आहे त्यांच्यासाठी मला तरी हाच रस्ता सर्वांत भरवशाचा वाटतो: इतिहास-भूगोल मूल समजून वाचतं आणि दहावीनंतर विज्ञानाच्या इंग्रजी शब्दांना घाबरत नाही. मुंबईत पालिकेच्या मराठी माध्यमाची मुलं वर्षानुवर्षं कमी होत चालली आहेत. सेमीची सोय नीट चालली त्या शाळांत मराठी वर्ग टिकलेले मी पाहिले. मात्र "सेमी" पाटीवर आहे की वर्गात, ते बघा. गणिताच्या तासाला दारात पाच मिनिटं उभं राहिलं की कळतं.

6. धारावीच्या शाळेत सगळ्या प्रकारची मुलं असतात म्हणतात. माझं मूल खरंच सगळ्यांत मिसळेल का?

हा प्रश्न दोन टोकांकडून येतो. काहींना हे मिसळणं हवं असतं, काहींना त्याची धास्ती असते. दोघांनाही सांगायचं ते एकच.

पालिकेच्या एका इमारतीत बहुतेक वेळा एक शाळा नसते, चार असतात. तळमजल्यावर मराठी, वर हिंदी, त्यावर उर्दू, बाजूच्या जिन्याने तमिळ. फाटक एक, घंटा एक, पण मुख्याध्यापक वेगळे, हजेरीपट वेगळे, स्नेहसंमेलनही वेगळं. म्हणजे वस्तीत सगळे आहेत, इमारतीत सगळे आहेत, पण वर्गात मात्र साधारण एकाच भाषेची, आणि बऱ्याचदा एकाच समाजाची, मुलं बसतात. माध्यमाने मूल आपल्या भाषेत शिकलं, ही मोठी गोष्ट. त्याच माध्यमाने मुलांना मजल्यामजल्यांवर वाटलंही.

मधल्या सुट्टीत मात्र हे मजले खाली उतरतात. एकदा मी आवारात थांबले होते. लंगडी चालली होती. राज्य कुणावर, यावरून वाद. एक मुलगी तमिळमध्ये ओरडली, दुसरीने हिंदीत उत्तर दिलं, तिसरी मराठीत म्हणाली "ए चीटिंग नाही हं", आणि तिघींनाही सगळं कळलं होतं. घंटा झाली आणि तिघी तीन जिन्यांनी वर गेल्या. ते जिने अजून डोळ्यांसमोर आहेत.

इंग्रजी माध्यमाच्या वर्गात आता चित्र वेगळं आहे. तिथे कुंभारवाड्याचा मुलगा, नव्वद फुटी रस्त्यावरची तमिळ मुलगी, जरीवाल्याचा मुलगा आणि कोळीवाड्यातली मुलगी एका बाकावर बसतात. पण त्या वर्गात कुणाच्याच घरी इंग्रजी नाही, त्यामुळे बाईंना दुप्पट कष्ट पडतात आणि पहिली दोन वर्षं मुलं गप्प गप्प असतात. घाबरू नका, पण वाचनाकडे लक्ष ठेवा (प्रश्न 7).

अजून एक, जे कुणी विचारत नाही. या शाळांत भाषा, धर्म, जात यांची सरमिसळ आहे, कमाईची नाही. ज्याला परवडतं तो मूल बाहेर काढतो. डॉक्टरचा मुलगा आणि डॉक्टरकडे साफसफाई करणाऱ्या मावशींचा मुलगा एका वर्गात नसतात, आणि त्यामुळे शाळेच्या नळाला पाणी नाही म्हणून पालिकेत जाऊन आवाज चढवणारे पालक कमी पडतात. खासगी शाळांतल्या 25 टक्के राखीव जागांमागे हे अंतर कमी करण्याचा विचार होता (प्रश्न 9).

7. शाळा चांगली आहे की नाही, हे आम्ही कसं ओळखायचं? आम्ही स्वतः फारसे शिकलेलो नाही.

तुम्हाला शिकलेलं असायची गरज नाही. रंगवलेली भिंत आणि नवीन बाकं बघून ठरवू नका. हे बघा.

पहिलं, वाचन. "असर" नावाची पाहणी देशभर गावोगाव होते, ती करणारी "प्रथम" ही संस्था मुंबईच्याच वस्त्यांतून उभी राहिली. त्यांची रीत इतकी साधी आहे की घरी करता येते. मुलापुढे अक्षरं ठेवायची, मग सोपे शब्द, मग चार ओळींचा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. जिथे अडखळेल ती त्याची पातळी. गणितात दोन अंकी संख्या ओळखणं, मग हातच्याची वजाबाकी, मग भागाकार. तुम्ही ज्या शाळेचा विचार करताय, तिथलं तिसरी-चौथीचं एखादं शेजारचं मूल बोलवा आणि बालभारतीचं दुसरीचं पुस्तक हातात द्या. एका मुलावरून ठरवू नका, तीन-चार बघा. चौथीतली मुलं दुसरीची गोष्ट सरळ वाचत असतील तर त्या शाळेत काम होतंय.

दुसरं, शिक्षक किती आणि किती टिकून. कायद्याप्रमाणे प्राथमिकला 30 मुलांमागे एक शिक्षक हवा, सहावी ते आठवीला 35 मागे एक. आकडा फळ्यावर लिहिलेला असतो. पण मी वेगळं विचारते: "गेल्या वर्षी पहिलीला कोण बाई होत्या? आता कुठे आहेत?" एकाच वर्गाला वर्षात तीन शिक्षक बदलले असतील तर मूल मागे पडणारच. शिक्षकांना निवडणूक आणि जनगणनेच्या कामाला नेता येतं, कायदाच तशी मुभा देतो. त्या दिवसांत वर्ग कोण सांभाळतं, हे विचारा.

तिसरं, मुलींचं शौचालय. आत जाऊन बघा. दार लागतं का, पाणी आहे का. सहावीनंतर मुलगी शाळेत टिकते की नाही, हे मोठ्या प्रमाणात इथे ठरतं.

चौथं, जेवण. पहिली ते पाचवीच्या ताटात रोज 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला 700 उष्मांक आणि 20 ग्रॅम प्रथिनं, असा नियम आहे. आकडे आपण मोजू शकत नाही, पण खिचडीत डाळ दिसते की नाही ते दिसतं. मुलं डबा भरून घरी नेतात की टाकून देतात, ते बघा.

हे चारही बघायला एक सकाळ पुरते. सकाळची आणि दुपारची अशा दोन पाळ्या असतील तर तुमच्या मुलाच्या पाळीतच जा. एकाच इमारतीत दोन पाळ्यांचा कारभार दोन प्रकारचा असू शकतो.

8. पालिकेची सीबीएसई शाळा निघाली आहे ना? तिथे कसं घालायचं?

हो. 2020 मध्ये पालिकेने दोन शाळा इतर मंडळांच्या सुरू केल्या: जोगेश्वरीला पूनम नगरात सीबीएसई आणि आपल्या जवळ माहीमला वूलन मिल इथे आयसीएसई. पुढच्या वर्षी सीबीएसईच्या आणखी शाळा आल्या, त्यात दादरची भवानी शंकर रोड आणि सायनची प्रतीक्षा नगर आपल्याला जवळच्या. "मुंबई पब्लिक स्कूल" हे नाव त्याच सुमारास आलं. शिक्षण मोफतच आहे. अर्ज जागांपेक्षा जास्त आले की सोडत निघते.

सोडतीत नाव आलं नाही म्हणून रडणाऱ्या आया मी पाहिल्यात. मंडळ बदललं म्हणून शिकवणं आपोआप बदलत नाही. प्रश्न 7 मधल्या कसोट्या या शाळांनाही लावा आणि तुमच्या गल्लीतल्या राज्य मंडळाच्या शाळेलाही.

9. खासगी शाळेतल्या 25 टक्के मोफत जागा आम्हाला मिळतील का?

विनाअनुदानित खासगी शाळांना पहिल्या वर्गातल्या 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्याव्या लागतात, आठवीपर्यंत फी नाही. अर्ज ऑनलाइन, निवड सोडतीने, घरापासूनचं अंतर बघतात: आधी एक किलोमीटरच्या आतले, मग तीन. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, इतर मागासवर्ग, दिव्यांग मुलं यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांना वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असल्याचा दाखला लागतो. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा नियम लागू नाही, आणि सायन-माहीमच्या नावाजलेल्या शाळांत अशा बऱ्याच आहेत. ते आधीच तपासा.

2024 मध्ये या जागा जवळजवळ हातच्या गेल्या होत्या. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला सूट, असा बदल राज्य सरकारने फेब्रुवारीत केला. मुंबईत एक किलोमीटरच्या आत पालिकेची शाळा नाही अशी जागा शोधून सापडायची नाही, म्हणजे व्यवहारात योजना संपलीच असती. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्याला स्थगिती दिली आणि जुलैत तो बदल रद्द केला. पालक कोर्टात गेले म्हणून हे झालं.

निवड झाली तर शाळेला या मुलांची वेगळी तुकडी करता येत नाही. तरी मुलामुलांतलं अंतर बसमध्ये, डब्यात, वाढदिवसाच्या चॉकलेटमध्ये जाणवतं. मुलाशी त्याबद्दल रोज बोला.

10. आमचा जातीचा दाखला तामिळनाडूचा (किंवा यूपीचा) आहे. 25 टक्क्यांसाठी चालेल?

परराज्यातला दाखला चालत नाही. महाराष्ट्रातला लागतो, आणि तो मिळायला कुटुंब इथे खूप आधीपासून असल्याचा पुरावा लागतो. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा. धारावीत तीन पिढ्या झालेल्यांकडेही पणजोबांचा कागद नसतो. अशा घरांनी जातीच्या मागे महिने घालवू नयेत. उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर दुर्बल घटकातून अर्ज करा, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला डिसेंबरमध्येच काढून ठेवा. अर्ज सुरू झाल्यावर सेतूवर रांग लागते आणि मुदत निघून जाते.

11. घराजवळ छोटी इंग्रजी शाळा आहे, महिना पाचशे-सहाशे. पालिकेपेक्षा ती बरी ना?

आधी तिचा यू-डायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी नोंदीतला क्रमांक मागा, 11 आकडी असतो. टाळाटाळ झाली तर तिथून निघा. मुंबईत दरवर्षी पालिका बेकायदा शाळांची यादी जाहीर करते, ती पाहा. मान्यता नसलेली शाळा बंद झाली तर दाखल्याचा घोळ तुमच्या मुलाच्या गळ्यात.

मान्यता असेल तर पुन्हा प्रश्न 7. माझं मत विचाराल, तर महिन्याचे सहाशे वाचवून त्यातली गोष्टींची पुस्तकं घ्या. एका छोट्या शाळेत दुसरीतली मुलगी वहीभर सुंदर इंग्रजी अक्षरात लिहायची. मी बोट ठेवून विचारलं, हा शब्द काय आहे? तिला एकही वाचता आला नाही. ती फळ्यावरून चित्र काढावं तसं उतरवत होती. आईने तीन वर्षं फी भरली होती. त्या मुलीला वयानुसार पालिकेत प्रवेश मिळाला. सहा महिन्यांत ती मराठीत वाचायला लागली, त्याच्या पुढच्या वर्षी इंग्रजीत.

12. शाळेत काही चुकीचं चाललं असेल तर ऐकणार कोण?

शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात, अध्यक्ष पालकांमधला आणि सचिव मुख्याध्यापक. बैठक दर महिन्याला. बऱ्याच ठिकाणी पालकांना आपण सदस्य आहोत हेच ठाऊक नसतं, सही घरी पाठवलेल्या वहीत झालेली असते. पालक सभेत हात वर करा आणि नाव द्या. एका इमारतीत चार शाळा असतील तर समित्याही चार असतात. पाणी आणि शौचालय सगळ्यांचं एकच, तेव्हा चौघांनी एकत्र अर्ज दिला तर वजन पडतं.

मारणं, उभं करणं, सगळ्यांपुढे अपमान करणं कायद्याने मना आहे. "तुमच्या वस्तीतली मुलं अशीच" हे वाक्यही मानसिक छळात येतं. मुख्याध्यापकांना लेखी द्या, पोच घ्या. ऐकलं नाही तर विभागाचे प्रशासकीय अधिकारी (शाळा), त्यानंतर राज्य बालहक्क संरक्षण आयोग.

13. आठवीनंतर काय? आणि पाचवी-आठवीत नापास करतात का?

पालिकेच्या प्राथमिक शाळा खूप, माध्यमिक त्या मानाने कमी. तुमची शाळा कितवीपर्यंत आहे आणि तिथली मुलं नववीला कुठे जातात, हे पहिलीला नाव घालतानाच विचारा. दक्षिणी भाषांच्या माध्यमांत हे जास्तच महत्त्वाचं. नववीत माध्यम बदलावं लागणार असेल तर सहावीपासून त्या भाषेची तयारी करा.

दुसऱ्या भागाचं उत्तर: हो. राज्याने नियम बदलून 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. नापास झालं तर पुन्हा परीक्षा, तीही गेली तर त्याच वर्गात. पण नाव काढता येत नाही, आणि आठवी पूर्ण होईपर्यंत शिक्षण मोफतच, मग वय 14 च्या पुढे गेलं तरी. दिव्यांग मुलांना हा हक्क 18 वर्षांपर्यंत आहे.

14. मूल अमराठी आहे. मराठी शिकावीच लागेल का? आणि हिंदीचं काय झालं?

मराठी हो, कुठल्याही मंडळाच्या आणि माध्यमाच्या शाळेत. त्यासाठी 2020 चा राज्याचा कायदा आहे. पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्याचे शासन निर्णय 2025 च्या एप्रिल आणि जूनमध्ये निघाले, विरोध झाल्यावर जूनच्या शेवटी सरकारने ते मागे घेतले.

धारावीतली मुलं मराठी फार पटकन उचलतात, पण ती खेळातून. लिहायची मराठी वेगळी पडते. शेजारी मराठी घर असेल तर मुलांची अदलाबदल करा, एक संध्याकाळ इकडे, एक तिकडे. आमच्या चाळीत हे चालतं.

15. आम्ही मधेच गावी जातो, चार महिन्यांनी येतो. किंवा पुनर्विकासात घर हललं तर? शाळा जाईल?

वर्षाच्या मध्येही प्रवेश नाकारता येत नाही. जाताना शाळेत सांगा, शिक्षण हमी कार्ड मागा. त्यावर मूल कुठपर्यंत शिकलं ते लिहिलेलं असतं आणि गावच्या शाळेत त्यावर बसता येतं. दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा मुलाला बाहेर ठेवू शकत नाही.

पुनर्विकासात घर पात्र की अपात्र, याचा मुलाच्या शाळेशी काही संबंध नाही. सर्वेक्षणात नाव नाही म्हणून मूल शाळेतून काढतील अशी भीती लोकांच्या मनात आहे, ती काढून टाका. आठवीपर्यंत नाव काढायला कायद्याची मनाई आहे. खरा प्रश्न लांब राहायला गेल्यावर रोज आणणं-नेणं जमेल का, हा आहे. शक्य असेल तर शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत मुलाला आहे त्याच बाईंजवळ राहू द्या.

16. आमच्यात आडनाव नसतं. फॉर्ममध्ये काय लिहायचं?

तमिळ घरांतून हा प्रश्न हमखास येतो, आणि सगळ्यांत जास्त त्रास यातूनच होतो. शाळेच्या फॉर्मला नाव, वडिलांचं नाव, आडनाव असे तीन रकाने असतात. घरी मुलीचं नाव एकच असतं, त्याआधी वडिलांचं आद्याक्षर. घाईत कुणीतरी आडनावाच्या रकान्यात आजोबांचं नाव घालतं, धाकट्याच्या वेळी गावाचं, आधारवर तिसरंच. दहावीच्या फॉर्मपर्यंत सख्खी भावंडं कागदावर परकी होतात.

म्हणून आधी घरात बसून ठरवा आणि सगळ्या मुलांना तेच लावा. 1 मे 2024 पासून पुढे जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नावही आता येतं, ते धरून ठरवा. प्रवेशाच्या दिवशी जनरल रजिस्टरमधली नोंद स्वतः बघा: नाव, जन्मतारीख, जात, जन्मठिकाण. वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याला घेऊन जा. शाळेत नाव चालू आहे तोवर मुख्याध्यापकांमार्फत दुरुस्तीचा अर्ज करता येतो. दाखला हातात घेऊन बाहेर पडलात की तीच दुरुस्ती फार अवघड होते. अक्कांच्या थोरलीच्या नावात एक वेलांटी चुकली होती. चौथीत असताना माझ्या लक्षात आली, अर्ज दिला, काही आठवड्यांत नोंद बदलून आली. तुमच्या मुलाची नोंद बघितली नसेल तर या आठवड्यात शाळेत जाऊन बघून या.